बाजाराच्या पिशवीपासून स्लिंग बॅगेपर्यंत: बॅगा शिवायला शिकण्याचा क्रम

पहिली बॅग निवडताना बहुतेक जण चित्र बघून निवडतात. खणाची पर्स डोळ्यांत भरते, मग खण, चेन, मॅग्नेट बटण, अस्तर असं सगळं सामान एका फेरीत घरी येतं. एकाच वस्तूत भराभर धागे सुटणारं कापड, चिकट बकरम (इस्त्रीने चिकटवून कापड ताठ करायचा थर), अस्तर, चेन आणि गोलाईतली शिलाई अशा पाच नव्या गोष्टी एकदम समोर उभ्या राहतात. पर्स वाकडी झाली तर ती कापड सरकल्यामुळे झाली, बकरम सुटल्यामुळे की चेन ओढली गेल्यामुळे, हे कळायला मार्ग उरत नाही. अशी अर्धी राहिलेली पर्स घरोघरी कपाटात सापडेल.

निवडीचा निकष एकच ठेवावा: एका बॅगेत नवी गोष्ट एकच, बाकी सगळं हाताला सवयीचं. पुढचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे. बाजाराची पिशवी, नाडीची पिशवी, अस्तराची टोट (वरून उघडी, दोन बंदांची बॅग), चेनचं पाऊच, डब्याची पिशवी आणि शेवटी स्लिंग बॅग. मशीनवर सरळ टीप मारता येते आणि बॉबिन भरता येते, एवढंच गृहीत धरलं आहे.

आधी थर मोजा

नव्या गोष्टींइतकाच महत्त्वाचा हिशेब थरांचा, आणि तो सहसा कोणी सांगत नाही. घरगुती मशीन काळी पायाची असो किंवा नवी झिगझॅगची, फूट उचलल्यावर खाली साधारण पाच-सहा मिलिमीटर जागा मिळते. साध्या पिशवीला जिथे बंद लागतो तिथे किती थर येतात ते बघा. तोंडाच्या दुमडीचे तीन, चौपदरी बंदाचे चार, बंदाचं टोक आत दुमडलं की आणखी चार. झाले अकरा. मांजरपाटाचे अकरा थर फूटखालून आरामात जातात. जाड कॅनव्हासचा एकेक थर अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे असतो, म्हणजे अकरा थरांना जागाच पुरत नाही. सुया मोडतात त्या इथेच, आणि दोष मात्र मशीनवर जातो.

म्हणून कोणतीही बॅग ठरवण्याआधी तिची सगळ्यात जाड जागा शोधा. त्याच कापडाच्या तुकड्याला तेवढ्या घड्या घाला आणि दोन इंच टीप मारून बघा. चाक हाताने फिरवूनही सुई आरपार जात नसेल, तर कापड हलकं घ्या किंवा कापडी बंदाऐवजी तयार निवार लावा. निवारीचा थर एकच असतो, टोक दुमडलं तरी दोन.

सुई, दोरा, टाका

दुकानात सुई मागताना 'घरगुती मशीनची, एका बाजूने चपटी' असं सांगा. कारखान्यातल्या मशीनची सुई गोल दांड्याची असते, ती घरच्या मशीनला चालत नाही. मांजरपाट, केसमेंट, साधं कॉटन यांना १४ नंबर. डेनिम, हलका कॅनव्हास आणि निवार यांना १६. खूपच जाड जागा असेल तर १८. साधारण सात-आठ तास शिवून झालं की सुई बदलावी. टोक बोथट झालेली सुई कापडात शिरताना 'टप टप' आवाज करते आणि मध्येच टाके सोडते.

दोरा स्पन पॉलिस्टरचा घ्या. घरात पडून असलेली जुनी सुती रिळं बॅगेला वापरू नका. हाताने झटका देऊन दोरा तुटत असेल, तर दोन किलो कांद्यांनी तो तुटणारच.

टाक्याची लांबी आकड्यावर विसंबून ठरवू नका, कारण जुन्या मशीनवरचे आकडे सगळीकडे सारखे नसतात. तुकड्यावर टीप मारून एका इंचात टाके मोजा. साध्या शिलाईला इंचात १० टाके, म्हणजे सुमारे अडीच मिलिमीटरचा टाका. बंद आणि वरून दिसणारी टीप यांना ८. इंचात १४-१५ टाके पडत असतील तर शिलाई मजबूत होत नाही. कापडाला ओळीने भोकं पडतात आणि वजन आलं की कापड त्याच रेषेवर फाटतं.

खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होतो तेव्हा नव्वद टक्के लोक बॉबिनच्या मागे लागतात. बहुतेक वेळा चूक वरच्या दोऱ्यात असते. फूट खाली असताना दोरा ओवला की ताणाच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्या मध्ये शिरतच नाही. फूट वर करून पुन्हा ओवा, गुंता जातो.

याशिवाय इस्त्री, टाचण्या, टेलरचा खडू, कापडाची वेगळी कात्री आणि उसवायचं छोटं हत्यार लागतं. इस्त्री ही चैन नव्हे. प्रत्येक शिलाईनंतर ती फिरली नाही तर पुढची शिलाई सरळ बसत नाही.

कापड आणि सामान कुठून आणावं

ठाण्यात राहत असाल तर पहिल्या दोन पिशव्यांसाठी शहराबाहेर जायची गरज नाही. जांभळी नाक्याच्या बाजारात आणि स्टेशनजवळच्या शिलाई सामानाच्या दुकानांत मांजरपाट, केसमेंट, नाडी, निवार, मीटरवर मिळणारी चेन असं सगळं असतं. नवी मुंबईत वाशी, नेरुळ, खारघरला टेलरिंग मटेरियलची दुकानं आहेत, तिथेही एवढं भागतं. कापड जास्त लागणार असेल, दोन-चार जणी मिळून घेणार असाल, तर उल्हासनगरचा कापडबाजार परवडतो. कड्या, हुक, बकल यांची खरी निवड हवी असेल तर मशीद बंदरला उतरून अब्दुल रहमान स्ट्रीट आणि क्रॉफर्ड मार्केटचा परिसर गाठा. कापडासाठी मंगलदास मार्केट तिथून चालत आहे, फक्त रविवार टाळा. ही फेरी मात्र पाचव्या-सहाव्या बॅगेच्या वेळी. आधी गेलात तर नको त्या कड्या घेऊन याल.

सोफा आणि पडद्यांच्या दुकानांत जुनी सॅम्पल बुकं पडलेली असतात. मागितली तर स्वस्तात, कधी फुकटही मिळतात. त्यातले चौकोनी तुकडे चेनच्या पाऊचला अगदी मापात बसतात.

सुती कापड कापण्याआधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, वाळवा आणि किंचित ओलसर असतानाच इस्त्री करा. मांजरपाट मीटरमागे तीन-पाच सेंटिमीटर सहज आटतो. आधी शिवून मग धुतलेल्या पिशवीत बाहेरचं कापड आटतं, पॉलिस्टरचं अस्तर आटत नाही आणि तोंडाशी अस्तराचा फुगा येतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. कपाटातलं कापड दमट झालेलं असतं, त्यावर चिकट बकरम धरत नाही. आधी कोरडी इस्त्री फिरवून दमटपणा घालवा, मग बकरम. सुया आणि टाचण्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. गंजलेली टाचणी पांढऱ्या कापडावर कायमचा डाग ठेवते.

१. बाजाराची पिशवी: सरळ शिलाई आणि मजबूत बंद

राज्यात २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, त्यामुळे सरावाची पिशवी थोडी वाकडी झाली तरी भाजीला चालतेच. घरात एक जास्तच लागते.

भिजवून वाळवलेला मांजरपाट १ मीटर, पन्हा ३६ इंच. पिशवीसाठी १६ इंच रुंद आणि ३६ इंच लांब असा एकच तुकडा, लांबी काठाच्या दिशेने. वजन उभ्या धाग्यावर आलं की पिशवी ओघळत नाही, म्हणून ही दिशा बदलू नका. बंदांसाठी ४ इंच रुंद, २४ इंच लांब अशा दोन पट्ट्या, त्याही काठाच्या दिशेने.

तुकडा मधोमध दुमडा, तळ आपोआप तयार होतो. सुलट बाजू बाहेर ठेवा. हो, बाहेरच. दोन्ही बाजूंना काठापासून पाव इंचावर टीप मारा. माया, म्हणजे टिपेबाहेरचं कापड, कापून एक सूत (इंचाचा आठवा भाग) एवढीच ठेवा. पिशवी उलटी करा, शिलाई इस्त्रीने चपटी करा आणि आता तीन सुतांवर दुसरी टीप मारा. कापडाची कच्ची कड आत बंद होते, ओव्हरलॉकची गरज उरत नाही. माया कापायचा कंटाळा केला तर दुसऱ्या टिपेच्या बाहेर दाढीसारखे धागे डोकावतात. ते नंतर काढता येत नाहीत.

पिशवीचं तोंड आधी अर्धा इंच, मग दीड इंच दुमडून इस्त्री करा आणि दुमडीच्या खालच्या कडेला टीप मारा. बंदाची पट्टी लांबीत अर्धी दुमडून इस्त्री करा, उघडा, दोन्ही कडा मधल्या रेषेपर्यंत आणा, पुन्हा दुमडा. १ इंचाची चौपदरी पट्टी होते. दोन्ही कडांना टीप.

बंदाचं टोक अर्धा इंच आत दुमडून पिशवीच्या बाजूपासून ४ इंचांवर तोंडाच्या दुमडीवर ठेवा. तिथे चौकोनी टीप आणि चौकोनात फुली मारा. ही टीप एका दमात, सुई कोपऱ्यावर कापडात ठेवून फूट उचलत आणि कापड फिरवत मारायची. बंद दुमडीच्याच जाडीवर बसला पाहिजे. खाली एकेरी कापडावर गेला तर पहिल्याच आठवड्यात तिथे कापड फाटेल. जाड जागेवर चढताना फूट मागे कलतो आणि टाके एकाच जागी साचतात. फूटच्या मागच्या बाजूला तेवढ्याच जाडीची कापडाची घडी सरकवली की फूट सपाट होतो आणि टाका पुन्हा सारखा पडतो. ही युक्ती पुढच्या प्रत्येक बॅगेत लागणार आहे.

तयार पिशवी पावणेपंधरा बाय सोळा इंच. चार किलो बटाटे भरून दारामागच्या खुंटीला रात्रभर टांगा. फुलीचे टाके ताणून उघडे दिसले तर वरच्या दोऱ्याचा ताण कमी आहे किंवा टाका मोठा आहे. एकसारखी टीप येईपर्यंत हीच पिशवी पुन्हा शिवा.

२. नाडीची पिशवी: नेफा

फ्रिजमध्ये मेथी-कोथिंबीर ठेवायला, प्रवासात चपलांना, धान्याच्या वाणवळ्याला. पातळ कॉटनचे ११ बाय १४ इंचांचे दोन तुकडे, आणि नाडीचे ३० इंचांचे दोन तुकडे. तुमच्याकडे झिगझॅग असेल तर तुकड्यांच्या कडा आधीच तशा मारून घ्या. नसेल तर शेवटी मायेवर दुसरी टीप मारून कडा दातेरी कात्रीने कापा.

दोन्ही तुकड्यांवर वरून ३ इंचांवर खूण करा. सुलट बाजू आत ठेवून त्या खुणेपासून सुरू करा: बाजू, तळ, दुसरी बाजू, पुन्हा खुणेपर्यंत. माया अर्धा इंच. खुणेवर उलटी टीप पक्की मारा, कारण नाडी ओढताना सगळा ताण त्याच जागेवर येतो. खुणेच्या वरची माया दोन्हीकडे उघडून इस्त्री करा आणि टीप मारून बसवा. आता वरची कड अर्धा इंच, मग सव्वा इंच दुमडा. दुमडीची खालची कड बरोबर ३ इंचांच्या खुणेवर येते. कडेजवळून टीप मारा, पुढे एक नेफा आणि मागे एक.

पहिली नाडी उजवीकडून घालून दोन्ही नेफ्यांतून उजवीकडेच बाहेर काढा, दुसरी डावीकडून डावीकडे. सेफ्टी पिन टोकाला लावली की नाडी सरकते. नेफा तिरका झाला असेल तर पिन तिथेच अडेल, म्हणजे मोजमाप कुठे चुकलं ते पिशवीच दाखवते. या पिशवीचा उपयोग तोच आहे: 'अंदाजे' शिवायची सवय इथे मोडते.

३. अस्तराची टोट

इथे थोडं रेंगाळा, कारण पुढच्या सगळ्या बॅगांचा सांगाडा हाच आहे.

बाहेरून डेनिम, हलका कॅनव्हास किंवा जाड केसमेंट, १८ इंच रुंद आणि १७ इंच उंच असे दोन तुकडे. अस्तर साध्या कॉटनचं, रुंदी तीच, उंची पावणेसतरा. अस्तर पाव इंचाने आखूड ठेवलं की आत घड्या पडत नाहीत. बंदांसाठी सव्वा इंची निवार, २५ इंचांचे दोन तुकडे.

चारही तुकड्यांच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांतून २ इंचांचा चौकोन कापून टाका. हा चौकोन कच्च्या कडेपासून मोजायचा. त्यातून ४ इंच रुंदीचा तळ तयार होतो, म्हणजे हव्या त्या तळाच्या निम्मा चौकोन. हे गणित लक्षात राहिलं तर पुढे कोणत्याही मापाची बॅग स्वतः आखता येते.

बाहेरचं कापड पातळ असेल तर उलट बाजूला चिकट बकरम लावा. इस्त्री घासायची नाही. ठेवायची, आठ-दहा सेकंद दाबायची, उचलायची, पुढे ठेवायची. घासली की बकरम ताणला जातो आणि थंड झाल्यावर कापडावर बुडबुडे येतात. लावल्यावर पूर्ण थंड होईपर्यंत हलवू नका.

बाहेरच्या दोन तुकड्यांच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून बाजू आणि तळ अर्धा इंच मायेवर शिवा, कापलेले कोपरे तसेच सोडा. माया उघडून इस्त्री करा. आता कोपरा चिमटीत धरा, बाजूची शिलाई आणि तळाची शिलाई एकावर एक आणा, टाचणी लावा आणि अर्धा इंचावर आडवी टीप. अस्तराचंही तसंच, फक्त तळाच्या शिलाईत मधोमध ६ इंच उघडे सोडा. ही फट विसरण्याचं प्रमाण फार आहे. तिथे आधीच दोन लाल टाचण्या लावून ठेवा.

बाहेरची बॅग सुलटी करा. निवारीची टोकं तोंडाच्या कच्च्या कडेला मिळवा, मधल्या रेषेपासून दोन्हीकडे ३ इंचांवर, बंद खाली लोंबता ठेवून. निवारीला पीळ पडलेला नाही हे बघा आणि पाव इंचावर टीप मारून अडकवा. ही बॅग उलट्या अस्तरात घाला. आता सुलट बाजू समोरासमोर, बंद दोन्हींच्या मध्ये अडकलेले. बाजूच्या शिलाया जुळवा आणि तोंडाभोवती अर्धा इंचावर टीप मारा. बंदांवरून जाताना पुढे-मागे दोनदा. अस्तराच्या फटीतून सगळं बाहेर ओढा, फट शिवा, अस्तर आत ढकला, तोंडाला इस्त्री करा आणि कडेपासून पाव इंचावर वरून टीप.

अस्तर तोंडातून वर डोकावत असेल तर इस्त्री नीट झालेली नाही: शिलाई बोटांनी चोळून किंचित आत वळवा, मग दाबा. बाजूच्या शिलाया जुळत नसतील तर दोन बॅगांचा घेर वेगळा आहे. अशा वेळी ताणून बसवू नका, अस्तराची बाजू उसवून एका सुताने आत-बाहेर करा. ताणून बसवलेली टोट कायम एका अंगाला झुकते.

दुसरी टोट शिवताना अस्तरावर साधा खिसा घाला. पहिलीत नको.

४. चेनचं पाऊच

चेनची भीती उगाच मोठी केलेली आहे, पण पहिलं पाऊच चांगलं येईल अशी आशाही धरू नका. एकाच मापाची तीन पाऊच ओळीने शिवा. तिसरं देण्याजोगं होतं.

बाहेरचे ९ बाय साडेसहा इंचांचे दोन तुकडे, अस्तराचे तेवढेच दोन. मीटरवर मिळणारी नायलॉनची चेन, ५ नंबर, साडेसात इंच, आणि एक रनर, म्हणजे चेन उघड-बंद करणारी सरकती कडी. ३ नंबरची चेन नाजूक असते, शिकताना ५ बरी. धातूच्या दातांची चेन आत्ता घेऊ नका, सुई दातावर आपटली की मोडते. नायलॉनवरून मात्र हळू शिवता येतं.

रनर चेनवर चढवून मध्यावर आणा. चेनच्या रुंदीची, अडीच इंच लांब कापडी पट्टी मधोमध दुमडा. दुमडलेली कड चेनच्या टोकावर अर्धा इंच चढवून टीप मारा. दुसऱ्या टोकालाही तसंच. चेन आणि टोकं मिळून बरोबर ९ इंच होतात. ही टोकं का लावायची? चेनचं टोक थेट बाजूच्या शिलाईत गेलं की तिथे जाडी येते आणि कोपरा आत ओढला जातो. तयार पाऊचच्या वरच्या कोपऱ्यांत खड्डे दिसतात ते त्यामुळेच.

बाहेरचा तुकडा सुलटा ठेवा, त्यावर चेन उलटी, त्यावर अस्तर उलटं. तिघांच्या कडा जुळवा, एकेरी झिप फूट लावा, पाव इंचावर टीप. रनर आडवा आला की सुई कापडात ठेवूनच फूट उचला, रनर मागे सरकवा, पुढे चला. रनरला वळसा घालून शिवलं की तिथे टीप बाहेर फुगते आणि ते आयुष्यभर दिसतं. दोन्ही कापडं चेनपासून मागे वळवून इस्त्री करा. इस्त्री नायलॉनवर टेकू देऊ नका. चेनच्या कडेने एक सूत अंतरावर वरून टीप मारा. ही टीप नसेल तर अस्तर रनरमध्ये अडकतं. दुसरी बाजूही अशीच.

आता चेन अर्धी उघडा. उघडाच, नाहीतर शेवटी पाऊच सुलटं करायला वाट नसते. बाहेरचे दोन तुकडे समोरासमोर, अस्तराचे दोन समोरासमोर, चेनचे दात अस्तराच्या दिशेला वळवलेले. अस्तराच्या तळाशी ३ इंच सोडून चारही बाजूंनी अर्धा इंचावर शिवा, कोपरे तिरके कापा, सुलटं करा, फट बंद करा.

चेन लाटेसारखी वरखाली होत असेल तर शिवताना ती ताणली गेली. चेन हाताने ओढायची नाही, मशीनला नेऊ द्यायची.

५. डब्याची पिशवी: स्वतःचं माप

टोटचा तळ आणि पाऊचची चेन इथे एकत्र येतात. नवी गोष्ट म्हणजे वस्तू मोजून बॅग आखणं.

समजा तीन खणांचा डबा आहे, व्यास साडेपाच इंच, उंची ८. हात जायला अर्धा इंच सैल धरला, तळ ६ बाय ६. कोपऱ्याचा चौकोन निम्मा, ३ इंच. कापडाची रुंदी म्हणजे तळाची लांबी अधिक तळाची रुंदी अधिक १ इंच माया: ६, ६ आणि १, म्हणजे १३. उंची म्हणजे डब्याचे ८, तळाचे निम्मे ३, खालची माया अर्धा, डब्यावर तोंड मिटायला मोकळी जागा ३, वरची माया अर्धा: पंधरा. असे दोन तुकडे बाहेरचे, दोन अस्तराचे. चेन पाऊचसारखीच, फक्त कापडी टोकांसह १३ इंच भरली पाहिजे. पाऊचची चेन आली असेल तर हे काम एका दुपारचं आहे.

अस्तराला पॅराशूट कापड घ्या, आमटी सांडली तर पुसता येतं. त्यावर टाचण्या फक्त मायेत लावा, बाहेर लावलेल्या टाचणीचं भोक बुजत नाही. मध्ये पातळ फोम घालायचा असेल तर तो बाहेरच्या तुकड्याच्या उलट बाजूला टीप मारून अडकवा आणि मायेतला फोम शिलाईपर्यंत कापून टाका. न कापता शिवलं तर कोपऱ्यावर थर फूटखाली जात नाहीत. बंद म्हणून निवार, चेन लावायच्या आधी बाहेरच्या तुकड्यावर तळापर्यंत नेऊन शिवलेली. वजन चेनवर येता कामा नये.

६. स्लिंग बॅग: कमी-जास्त होणारा पट्टा

ठाणे-वाशी लोकलमध्ये गर्दीत ही बॅग पुढे घ्यावी लागते, त्यामुळे चेन अंगाच्या बाजूला उघडेल असा एक खिसा मागच्या बाजूला ठेवणं शहाणपणाचं. पण पहिल्या स्लिंगमध्ये नवी गोष्ट पट्टाच असू द्या. बॅगेचा मुख्य भाग डब्याच्या पिशवीसारखाच आखा: तळ ८ बाय २, उंची साडेसात. म्हणजे चौकोन १ इंच, रुंदी ११, उंची साडेनऊ; साडेसात ही बॅगेचीच उंची, म्हणून वरची मोकळी जागा इथे वेगळी धरलेली नाही. ती कशी येते ते वरच्या हिशेबाने पडताळून बघा.

सामान: १ इंची निवार दीड मीटर, तिच्यातले ३ इंचांचे दोन तुकडे कड्यांसाठी वेगळे. १ इंची दोन डी कड्या, दोन हुक, मधल्या दांडीची एक सरक कडी. डी कडीतून छोटा तुकडा ओवून दुमडा आणि बाजूच्या शिलाईत, चेनच्या खाली अर्धा इंचावर अडकवा. तिथे तीनदा टीप.

पट्टा ओवण्यात सगळ्यांची गल्लत होते, म्हणून क्रम असा. पट्ट्याचं एक टोक सरक कडीच्या मधल्या दांडीभोवती वळवून शिवून टाका. दुसरं टोक पहिल्या हुकाच्या कडीतून घाला, परत मागे आणा, सरक कडीच्या एका फटीतून वर, मधल्या दांडीवरून, दुसऱ्या फटीतून खाली. उरलेलं टोक दुसऱ्या हुकाला शिवा. शिवण्याआधी कडी पुढे-मागे सरकवून बघा. सरकत नसेल किंवा पट्ट्याला पीळ असेल तर आत्ताच कळेल. निवार प्लास्टिकच्या धाग्याची असेल तर टोक मेणबत्तीवर क्षणभर धरा, धागे वितळून बसतात. सुती निवार जळते, तिचं टोक दुमडूनच शिवावं लागतं. कड्या हलक्या पत्र्याच्या नकोत. पावसाळ्यात त्यांचा गंज आधी निवारीवर आणि मग पांढऱ्या कुर्त्यावर उतरतो.

काय मागे ठेवावं

खणाची पर्स चौथ्या टप्प्यानंतर शिवा. खण कापण्याआधीच उलट बाजूला पातळ चिकट बकरम लावा, मग धागे सुटत नाहीत, आणि पन्हा कमी असल्याने मापं आधी कागदावर मांडून बघा. जुन्या पैठणीला तर सहा टप्पे पूर्ण झाल्याशिवाय कात्री लावू नका. रेक्झिन मोहात पाडतं, पण त्यावर उसवलेल्या टाक्यांची भोकं कायम राहतात आणि साधा फूट त्यावर चिकटून टाके आखूड करतो. टेफ्लॉनचा फूट मिळाला तरच हात घाला. गोल तळाची बॅग दिसायला सोपी, पण सरळ कापड गोलाईवर बसवताना मायेला दर अर्ध्या इंचावर छेद द्यावे लागतात, आणि एक छेद टिपेपलीकडे गेला की तळाला भोक. पाठीवरची सॅक आणि प्रवासाची डफल यांत जाड पट्टे, पाइपिंग आणि बाजूची लांब पट्टी येते. स्लिंगचा पट्टा न अडखळता ओवता आला आणि चेन तीनदा सरळ बसली की डफल आधी घ्या, सॅक नंतर. सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यांत फोम, निवार आणि कापड मिळून इतके थर होतात, की घरच्या मशीनवर आधी तुकड्याची चाचणी घेतल्याशिवाय सॅकचं कापड कापायलाच घेऊ नये.